मोफत पाठ्यपुस्तके आणि गावचा निधी

शाळा चालण्यास तीन गोष्टी अवश्य लागतात : शिकविणारा, बसावयास जागा आणि वाचावयास पुस्तक. यांपैकी शिक्षक आणि जागा सर्वांच्या सामाईक असतात. एका शिक्षकासमोर चाळीस मुले बसू शकतात आणि एका छपराखाली सारी शाळा मावते. पुस्तकाची गोष्ट निराळी आहे. ते प्रत्येक मुलास वेगळे लागते, इयत्ता बदलली की दुसरे लागते, आणि शाळा सुटल्यावर घरीही लागते. म्हणून फी माफ झाली की गरिबाच्या मुलाची वाट मोकळी झाली, असे समजणे बरोबर नाही. शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावून शिकणारे मूल वर्गात असूनही अर्धे वर्गाबाहेरच असते.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना आठव्या इयत्तेपर्यंत पुस्तके विनामूल्य मिळाली आहेत. ती कोठून आली, त्यांचे पैसे कोणी दिले, आणि पुढील इयत्तांत ती का मिळत नाहीत, हे मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते. ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ ‘ज्यास किंमत नाही असे’ असा मुळीच नव्हे. कागद, शाई, छपाई, बांधणी आणि वाहतूक यांचा खर्च कोणीतरी सोसलेलाच असतो. हा ‘कोणीतरी’ कोण असावा, आणि आपल्या हिंगोली जिल्ह्यात त्याचा भार गावाने कितपत उचलावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम आजची व्यवस्था पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे प्राथमिक शिक्षण ज्या खर्चामुळे अडेल असा कोणताही खर्च त्याच्या पालकांवर पडू नये, हे त्या कायद्याचे सूत्र आहे. त्यापूर्वी सर्व शिक्षा अभियानात मुली आणि अनुसूचित जाती-जमातींची मुले यांना पुस्तके देण्याचा प्रघात पडलेला होता. कायद्यानंतर शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या सर्वच मुलांना ती मिळू लागली. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत या पुस्तकांसाठी प्राथमिक वर्गातील मुलामागे वर्षास २५० रुपये आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलामागे ४०० रुपये अशी कमाल मर्यादा ठरविण्यात आली. खर्चाचे शंभरांतील साठ भाग केंद्राने आणि चाळीस भाग राज्याने सोसावयाचे, असा वाटा ठरला.

पुस्तके तयार करण्याचे काम पुण्यातील पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ करते. लोक यासच ‘बालभारती’ म्हणून ओळखतात. हे मंडळ २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाले. शाळेच्या पटावरून मागणी नोंदविली जाते; त्याप्रमाणे छापलेली पुस्तके तालुक्याच्या ठिकाणी, तेथून केंद्रशाळेत व शेवटी मुख्याध्यापकांच्या हाती येतात. व्यवस्था चांगली आहे; पण तिचा पाया आदल्या वर्षीचा पट हा आहे. ऊसतोडीस गेलेल्या आईबापांबरोबर परगावी राहून उशिरा परतलेले मूल, किंवा जूननंतर दुसऱ्या गावाहून आलेले मूल, त्या मोजणीत नसण्याचा संभव असतो. पुण्याच्या हिशेबात एक संच कमी पडणे ही क्षुल्लक बाब आहे. त्या मुलाच्या बाबतीत तेच सबंध वर्ष असते.

आता थोडे मागे वळून पाहू. कारण पुस्तकाचा खर्च कोणी द्यावयाचा, हा वाद आजचा नाही. दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडील गावठी शाळेत छापील पुस्तक जवळजवळ नव्हतेच. धूळपाटीवर अक्षरे गिरवावीत, पाढे आणि श्लोक मुखोद्गत करावेत, मोडीची हस्तलिखिते वाचावीत, असा क्रम असे. अमेरिकन मराठी मिशनने १८१५ साली मुंबईत शाळा उघडली आणि लवकरच स्वतःचा छापखानाही घातला; कारण शाळा काढली म्हणजे तिच्यासाठी पुस्तके छापणे ओघानेच आले. पुढे १८२२ च्या सुमारास मुंबईत शाळा व शालेय पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. तिच्या आश्रयाने सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्यासारख्या विद्वानांनी मराठीत मुलांसाठी पुस्तके रचिली. अशा रीतीने छापील पुस्तक जन्मास आले. परंतु ते खेड्यातील मुलाच्या हाती देण्यास लागणारा पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न राहिलाच.

त्याचे एक उत्तर १८६३ पासून मुंबई इलाख्यात देण्यात आले. जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी घ्यावयाची आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवावयाचा, असे ठरले. १८६९ साली या पट्टीस कायद्याचे स्वरूप आले. हाच तो ‘लोकलफंड’. शेतकरी स्वतःच्या मुलांच्या शिक्षणासाठी रोख पैसा मोजू लागला, ही मोठीच गोष्ट होती. परंतु ज्याने पैसा दिला त्याच्याच घरी विद्या पोहोचते काय, असा रोकडा सवाल जोतीराव फुले यांनी केला. १८८२ साली हंटर आयोगास दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, सरकारचे उत्पन्न मुख्यतः रयतेच्या श्रमांतून येते. तथापि तिच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे त्या मानाने फारच थोडे लक्ष दिले जाते. निदान बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे असावे, अशीही त्यांची मागणी होती. स्थानिक निधीचा विचार करणाराने हा सवाल नित्य डोळ्यांपुढे ठेवावा. निधी गोळा होणे ही अर्धीच गोष्ट झाली. तो कोणाच्या मुलापर्यंत पोहोचला, हे पाहणे ही दुसरी.

संस्थानिकांपैकी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी १९१७ साली तसेच पाऊल उचलले. या दोन्ही ठिकाणी राजा दाता होता. भाऊराव पाटील यांनी मात्र निराळी वाट धरली. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि गरीब मुलांच्या वसतिगृहांसाठी ‘मुष्टिफंडा’ची प्रथा पाडली. घरच्या बाईने धान्य काढताना एक मूठ बाजूस ठेवावी आणि ती मुलांच्या शिक्षणास द्यावी, अशी ती योजना. मुठीत मावते ते धान्य घरातून गेल्याचे कोणास जाणवतही नाही. पण अनेक घरांच्या मुठी एकत्र आल्या म्हणजे वसतिगृहाची चूल पेटते. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

आपला प्रदेश त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असल्यामुळे मुंबई इलाख्यातील हे कायदे येथे लागू नव्हते. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होई, आणि मराठी बोलणाऱ्या मुलास परक्या भाषेतील पुस्तक हाती धरावे लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू होऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांच्या प्राथमिक शाळांचा भार आपल्याच जिल्हा परिषदेवर आहे. इतरत्र शंभर वर्षे चाललेला हा विचार आपल्याकडे तुलनेने उशिरा सुरू झाला, हे ध्यानात ठेवणे जरूर आहे.

परदेशांतील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानाने १८७३ साली तेथील गावांना, इच्छा असल्यास करातून शाळेची पुस्तके घेण्याची मुभा दिली. इच्छेवर सोडलेले काम सर्वत्र होईना, म्हणून १८८४ साली तोच नियम सर्व गावांवर बंधनकारक केला. पुस्तके गावाच्या मालकीची राहात. मूल ती वर्षभर वापरी आणि पुढच्या मुलासाठी परत करी. जपानात १९६१ च्या सुमारास कोची शहरातील नागाहामा भागातील गरीब पालकांनी पुस्तके विकत घेण्यास नकार देऊन चळवळ केली. त्यानंतर १९६३ पासून पायरीपायरीने, आणि १९६९ पर्यंत सक्तीच्या शिक्षणाच्या नऊही वर्षांसाठी, राष्ट्राच्या तिजोरीतून पुस्तके मिळू लागली. तेथे पुस्तक मुलाच्या मालकीचे होते. एका ठिकाणी गावाने दिलेले उसने पुस्तक, दुसऱ्या ठिकाणी राष्ट्राने दिलेली भेट. पण एक गोष्ट दोहोंत समान आहे. पुस्तक सर्वांनाच दिले गेले. ‘तू गरीब आहेस काय?’ असे कोणत्याही मुलास विचारले गेले नाही.

आता आपल्या जिल्ह्याच्या खऱ्या अडचणीकडे वळू. कायद्याचे छत्र आठव्या इयत्तेशी संपते. नववीत पाऊल टाकताच मुलास पुस्तके विकत घ्यावी लागतात. दहावीची गोष्ट घ्या : तीन भाषा, गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन भाग, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल मिळून नऊ पुस्तके होतात, वह्या निराळ्याच. शाळा उघडते जून महिन्यात. नेमक्या त्याच वेळी शेतकऱ्याच्या घरातील पैसा सोयाबीन व कापसाच्या बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. आभाळाकडे पाहून पेरणी करणाऱ्या कुटुंबाने बियाण्याची पिशवी आधी घ्यावी की पुस्तकांचा संच, हा प्रश्न तर्काने सुटणारा नाही. पेरणी थांबत नाही, म्हणून पुस्तक थांबते. काही वर्गांतील मुलांना शिष्यवृत्ती आहे, परंतु ती रक्कम जूनमध्ये हाती असेलच असे नाही. घरात मुलगा दहावीत आणि मुलगी नववीत असली, तर पहिला संच कोणाचा येतो हेही आपणांस ठाऊक आहे. ज्या मुलीचे पुस्तक ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणून राहते, ती प्रथम अभ्यासात मागे पडते. मग ‘हिला शिकण्यात गोडी नाही’ असे ठरते आणि अखेर ती शाळेतून जाते. गोडी नव्हती असे नव्हे, पुस्तक नव्हते. अशा रीतीने पुस्तकाचा प्रश्न हा शाळेत टिकण्याचा प्रश्न होऊन बसतो.

हा खड्डा भरून काढण्यास पुण्या-मुंबईहून कायदा येण्याची वाट पाहावयाची, की आपल्या हातांनी काही करावयाचे? दोन्ही करावे, असे आमचे मत आहे. कायद्याची मर्यादा दहावीपर्यंत वाढावी अशी मागणी अवश्य करावी. परंतु आज नववीत असलेले मूल कायद्यासाठी नववीत थांबून राहणार नाही. स्थानिक निधीचे मार्ग उघडे आहेत. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न असते. त्यास व्यवहारात ‘सेस’ म्हणतात. ग्रामपंचायतीस घरपट्टीचे उत्पन्न असते. गावकऱ्यांची लोकवर्गणी हा तिसरा मार्ग, आणि शाळेतून शिकून नोकरीव्यवसायास लागलेले माजी विद्यार्थी हा चौथा. आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. हिंगोली आणि वसमत येथील बाजार हळदीसाठी प्रसिद्ध आहेत. हळद उकडून, वाळवून बाजारात येते ती उन्हाळ्याच्या महिन्यांत. त्या वेळी अनेक घरांत थोडा पैसा खेळत असतो. पुस्तकनिधीची वर्गणी पेरणीच्या तोंडावर मागण्याऐवजी हळदीच्या पट्टीच्या वेळी मागितली, तर देणारास जड जाणार नाही आणि जूनपूर्वी पुस्तके हाती येतील.

रक्कम किती लागेल याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. समजा, नववीत चाळीस मुले आहेत. दर वर्षी नवे संच दिले, तर सहा वर्षांत २४० संच लागतील. पण मॅसॅच्युसेट्सप्रमाणे पुस्तके शाळेच्या मालकीची ठेवून ती परत घेतली, आणि एक संच तीन वर्षे टिकला, तर त्याच सहा वर्षांत ८० संच पुरतात. म्हणजे खर्च तृतीयांशावर येतो. यासच पुस्तकपेढी म्हणतात. आता समजा, गावात ३०० उंबरे आहेत आणि प्रत्येक घराने महिन्यास दहा रुपये बाजूस ठेवले. वर्षाची रक्कम ३६,००० रुपये होते. त्यात किती संच येतील, हे विद्यार्थ्यांनी आपल्या पुस्तकांच्या मलपृष्ठावरील किमती पाहून स्वतःच काढावे. शुभवर्तमानातील विधवेच्या दोन टोल्या आपण जाणतो. तिच्या दानाचे मोल रकमेवर ठरले नव्हते. दहा रुपये देणाऱ्या मजुराचे नाव मोठ्या देणगीदाराच्या नावाखाली झाकले जाऊ नये, एवढे पथ्य पेढी चालविणारांनी पाळावे.

पेढी चालविण्यात काही दक्षता घ्याव्या लागतात. पहिली अभ्यासक्रमाविषयी. नववीची पुस्तके २०१७ साली आणि दहावीची २०१८ साली बदलली. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२५-२६ या वर्षी पहिलीपासून नव्या पुस्तकांचा आरंभ झाला आहे. ज्या वर्षी पुस्तक बदलते, त्या वर्षी पेढीतील जुने संच एका दिवसात निरुपयोगी ठरतात. म्हणून बदल जवळ आला असेल तेव्हा मोठी खरेदी करू नये. पैसा शिल्लक ठेवावा. दुसरी दक्षता पुस्तकाच्या वापराविषयी. २०२३-२४ पासून दप्तराचे ओझे कमी करण्याच्या हेतूने पुस्तकांतच कोरी पाने बांधण्याचा प्रयोग राज्यात झाला आणि २०२५ च्या आरंभी तो मागे घेण्यात आला. त्यातील हेतू चांगला होता, पण ज्या पुस्तकात मूल लिहिते ते पुढच्या मुलास देता येत नाही. पेढीच्या पुस्तकास कागदाचे वेष्टन घालावे आणि त्यात शाईने काही लिहू नये. तिसरी दक्षता हिशेबाची. किती रुपये आले, किती संच घेतले, किती परत आले आणि किती फाटले, हे वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावे. लोकलफंडाविषयी फुल्यांनी विचारलेल्या प्रश्नास यापेक्षा चांगले उत्तर नाही.

चौथी दक्षता सर्वांत महत्त्वाची आहे. पुस्तके देताना गरीब मुलांची वेगळी रांग लावू नये. त्यांची छायाचित्रे घेऊन फलकावर लावू नयेत. संच वर्गातील प्रत्येक मुलास द्यावा. ज्याच्या घरची स्थिती चांगली आहे, त्याच्या पालकांनी किंमत निधीत भरावी. पण पुस्तक सर्वांनी एकाच टेबलावरून घ्यावे. ज्या वस्तूबरोबर मान खाली घालावी लागते, ती वस्तू मूल फार दिवस जपत नाही.

येथे एक रास्त आक्षेप निघतो. सगळे गावावर सोपविले, तर सधन गावाची मुले पुढे जातील आणि निर्धन गावाची मागे राहतील. हा आक्षेप खरा आहे. पूर्णा प्रकल्पाचे पाणी मिळणारी वसमतकडील गावे आणि सेनगाव किंवा औंढ्याच्या बाजूची कोरडवाहू, माळरानाची गावे यांची ऐपत सारखी नाही. म्हणून गावच्या निधीने सरकारची जागा घेऊ नये. सरकारचा हात जेथे पोहोचत नाही तेवढीच जागा भरून काढावी. ज्या गावात वर्गणी उभी राहू शकत नाही, तेथे जिल्हा परिषदेने आपल्या उत्पन्नातून अधिक वाटा द्यावा. जिल्हा ही संस्था असण्याचा अर्थच हा की, एका गावाची उणीव दुसऱ्या गावाच्या उत्पन्नातून भरून निघावी. काही पालक असेही म्हणतील की, आता सर्व पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहावयास मिळतात, मग छापील पुस्तक कशास हवे? ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही दिवसभर वडिलांच्या खिशात शेतावर असतो, त्या घरातील मुलीने रात्री कोणत्या पानावर अभ्यास करावा, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

विद्यार्थिमित्रहो, या कामातील तुमचा वाटा पैशाचा नाही. दहावीची परीक्षा मार्च महिन्यात आटोपते. त्यानंतर तुमची नऊ पुस्तके बहुधा माळ्यावर जातात आणि पावसाळ्यापूर्वी रद्दीच्या भावाने विकली जातात. शेवटचा पेपर झाला म्हणजे दोन दिवसांच्या आत ती पुस्तके घेऊन शाळेत या. सैल झालेली पाने चिकटवा, फाटलेले वेष्टन बदला, पहिल्या पानावरील आपले नाव राहू द्या आणि त्याखाली दुसऱ्या नावासाठी एक ओळ मोकळी सोडा. नववीतून दहावीत जाणाऱ्यांनीही तसेच करावे. पालकांनी हळदीची पट्टी झाली म्हणजे आपल्या गावच्या शाळेची आठवण ठेवावी, आणि पुढील ग्रामसभेत एवढाच एक प्रश्न विचारावा : आपल्या गावातील नववी-दहावीच्या किती मुलांजवळ जूनच्या पहिल्या दिवशी सगळी पुस्तके होती? हा आकडा ज्या गावास पाठ असेल, त्या गावात पेढी उभी राहण्यास फार काळ लागणार नाही.